लॅपटॉपला कुलूप कोणी लावलं?

त्या दिवशी काकूंनी मला पाणी विचारलं नाही. तीन वर्षं मी त्या गावात जात होते. त्यांच्या संत्र्याच्या बागेपाशी माझी चाहूल लागली की तांब्या-पेला बाहेर यायचा. त्या दिवशी मात्र त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "यादी लागली म्हंते पंचायतीत. पाह्यली का तुमी?"

मी पाहिली नव्हती.

"पाहून या. मंग बसा."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गळ झालेल्या बागांची यादी चिकटवली होती. त्या साली आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी फुललेली संत्री पिकायच्या आधीच झाडाखाली पडली होती. बागेत शिरलं की आंबूस वास यायचा आणि चिलटं तोंडावर बसायची. तलाठी, ग्रामसेवक आणि मी अशा तिघांनी मिळून पंचनामे केले होते. यादी तयार करून वर पाठवायचं काम माझं होतं. मी ती यादी बोट लावून दोनदा वाचली. नाल्यापलीकडच्या सात बागा तिच्यात नव्हत्या, आणि काकूंची बाग त्या सातांतली होती.

मी परत आले तेव्हा काकू उभ्या होत्या.

"तुमी सोताच्या हातानं माहा फोटो काढला. झाडापाशी उभं केलं, पदर सारखा करा म्हनलं. मंग माहं नाव कुठं गेलं? कोनं खाल्लं?"

"काकू, मी नाव दिलंय. वर काहीतरी झालं असेल."

"वर म्हंजे कुठं? आभायात?"

शेजारच्या बागेतले दोघे जण कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांतला एक दुसऱ्याला ऐकू जाईल असं, म्हणजे मलाही ऐकू येईल असं म्हणाला, "आपल्या पल्याडच्यायनं काही देल्लं नसंन मॅडमले." मी स्कूटीला किक मारली आणि निघाले. परतवाड्याला बसस्टँडवर स्कूटी लावून अमरावतीची गाडी पकडली. सगळ्या वाटेत कानात तेच वाक्य होतं.

तो काळच तसा होता. मी कृषी सहायक म्हणून लागले तेव्हापासून एका पाहणीचे कागद वाळत नाहीत तोवर दुसरी पाहणी यायची. कधी गारपीट, कधी पावसाचा खंड, कधी अळी, कधी गळ. गावात बियाणं बोगस, औषध बोगस, हवामानाचा अंदाज बोगस, आणि हे पुष्कळदा खरंही निघायचं. मग आमच्यावर तरी कोणी कशाला भरवसा ठेवावा? आम्हीही त्यांच्यावर ठेवत नव्हतो. कोणी म्हणालं अर्धी फळं गळली, तर मी मनात पाव धरायची. हळूहळू ही सवय घरात शिरली. भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीचं हसणं, नवऱ्याचा उशीर, सगळं मी तपासून घ्यायची. आमच्या यांनी एकदा म्हटलंही होतं, "तू घरातपण पंचनामा करतेस."

घरी आले तशी लॅपटॉप घेऊन बसले. मूळ यादी आणि फोटो त्यात होते. ते काढायचे, गावात नेऊन दाखवायचे आणि मग वर कोणी नावं कापली ते शोधायचं, असं मी ठरवलं होतं. बटण दाबलं. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरायला लागलं, फिरत राहिलं, मग पडदा काळा झाला आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा वर्तुळ, पुन्हा काळा. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरातली सगळी यंत्रं यांच्याकडेच असायची. तासभर खटपट करून यांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीतल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं दोन मिनिटांत सांगितलं, "विंडोज बसली, मॅडम. फॉरमॅट मारा लागते."

"आणि माझ्या फायली?"

"फॉरमॅटमंधी जातात. पायजे असतीन तं डिस्क ठेवून जा माह्यापाशी. परवा काढून देतो."

सात बागांची नावं ज्या डिस्कमध्ये आहेत ती अनोळखी माणसाच्या टेबलावर दोन दिवस ठेवून जायची? मी म्हटलं, "माझ्यासमोर नाही का होणार? दुसरा काही मार्ग?"

मार्ग होता. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रणाली असते, लॅपटॉप तिच्यावरून सुरू करायचा आणि फायली तिथल्या तिथे काढून घ्यायच्या. पण त्यासाठी आधी बायोसमध्ये जावं लागतं. लॅपटॉप जागा होताना, विंडोज यायच्या आधी, एक साधा निळा पडदा उघडता येतो. कुठून सुरू व्हायचं हे यंत्राला तिथे सांगतात. माझ्या लॅपटॉपवर त्याची कळ एफ-टू होती. दुकानदारानं ती दाबली, दाबून धरली, टकटक करत राहिला. मग डिलीट, एस्केप, एफ-बारा. निळा पडदा काही येईना. दर वेळी थेट ते ठिपक्यांचं वर्तुळ.

त्यानं मान हलवली. "घेऊनच नाही राह्यला. कोनंतरी बायोसले लॉक मारलं दिसते. हा लॅपटॉप पयले कोनाचा होता?"

मी लॅपटॉप बॅगेत घातला आणि साखळी ओढली. लॅपटॉप आधी आमच्या साहेबांचा होता.

साहेब म्हणजे माझे वरिष्ठ, मंडळाचे अधिकारी. वर्षभरापूर्वी त्यांची अकोल्याला बदली झाली. जाताना त्यांनी नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. किडकिडीत, मितभाषी माणूस. पंचनाम्याला आमच्यासोबत यायचे तर कोणाच्याच घरी चहा घेत नसत. लोकांना तो ताठा वाटायचा. मला तोवर तो प्रामाणिकपणा वाटत होता. आता बसमध्ये, घरात, भाजी फोडणीला टाकताना, मी त्या माणसाची एकेक गोष्ट उलटी करून पाहू लागले. चहा का घ्यायचे नाहीत? कोणाच्या डोळ्याला डोळा भिडू नये म्हणून? बदली झाल्यावरही इथल्या कचेरीत त्यांचं येणं-जाणं होतं. आमच्या याद्या कशा जातात, कुठे थांबतात, कोणाच्या टेबलावर असतात, हे त्यांना पाठ होतं. आणि लॅपटॉपला कुलूप लावायचं तर त्यांच्याशिवाय कोण लावणार? माझ्याकडे आल्यापासून तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नव्हता.

मी त्यांना फोन लावला. नुसतं एवढंच विचारलं, की साहेब, लॅपटॉप सुरू होत नाही, बायोसही उघडत नाही, तुम्ही कधी पासवर्ड टाकला होता का?

ते म्हणाले, "पासवर्ड? नाही. तुम्ही असं करा, तो इकडे पाठवून द्या. मी पाहतो. दुसऱ्या कोणाकडे उघडायला देऊ नका."

"का, साहेब?"

"नका देऊ. एवढं ऐका."

फोन ठेवला आणि माझी खात्रीच झाली. चोरी नसती तर एवढी घाई कशाला? यांना सांगितलं तर हे म्हणाले, "काहीतरी खाजगी असेल माणसाचं." मी म्हटलं, खाजगीच तर असतं सगळ्यांचं.

माझी धाकटी बहीण अकोल्याला जठारपेठेत राहते. तिनं एका बाईचं नाव कितीदा तरी काढलं होतं. लॅपटॉप, मोबाइल, काहीही दुरुस्त करते, आणि गिऱ्हाइकासमोरच करते. सगळे तिला आपा म्हणतात. मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेले. लॅपटॉपची बॅग वर फळीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसले होते. साहेब अकोल्यातच होते, पण त्यांना कळवलं नव्हतं.

आपाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचंच जुनं टेबल ती वापरत होती. वय चाळिशीचं, डोक्यावर ओढणी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. समोर लोहचुंबकाची एक चकती होती आणि तिच्यावर इवलेसे स्क्रू ओळीनं चिकटवलेले. मी सगळं सांगितलं. साहेबांचं सोडून.

तिनं लॅपटॉप उलटा केला, खालचं लेबल वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बिल हाये का?"

"बिल? मी जुना घेतला आहे."

"कोनापासून?"

"ओळखीच्या माणसाकडून."

"मंग त्याचं बिल." तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "बुरा मत मानो, ताई. मांगच्या साली एक असाच आला. चांगला सूट-बूटवाला मानूस. लॉक खोलून द्या म्हने, पासवर्ड भुललो म्हने. मी खोलून देल्ला. आठ दिवसांत पोलीस माह्या दारात. चोरीचा निघाला. तवापासून मी तोंड पाहून काम नाई करत."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला चोर समजत होतं आणि ते तोंडावर सांगत होतं. गावात निदान कुंपणापलीकडून बोलले होते. मी ओळखपत्र काढून दाखवलं. तिनं ते उजेडात धरलं, फोटो पाहिला, मला पाहिलं. "हे तुमचं हाये, बराबर. लॅपटॉपचं काय? ज्यानं देल्ला त्याले फोन लावा. माह्यासमोर. स्पीकरवर."

ज्या माणसापासून लपून आले होते त्यालाच फोन लावायचा होता. मी दोन-तीनदा मोबाइल हातात घेतला आणि ठेवला. आपा शांतपणे बघत होती, आणि माझं हे चाललेलं पाहून तिचा संशय वाढतोय हे मला दिसत होतं. शेवटी लावला.

"साहेब, मी अकोल्यात आहे. जठारपेठेत, एका दुकानात. यांना खात्री हवी आहे की लॅपटॉप तुम्हीच मला दिला."

"तुम्ही अकोल्यात?" ते म्हणाले. "तिथंच थांबा. मी येतो. मी येईपर्यंत काही उघडू देऊ नका."

फोन बंद झाला. आपा म्हणाली, "तुमचा साहेब भी डरून राह्यला अन् तुमी भी. काहून?"

मग मी तिला उरलेलं सांगितलं. सात बागा, काकू, कापलेली नावं, कुलूप. ती ऐकत होती आणि एका मोबाइलची काच साफ करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पाहू. मशीन झूट नाई बोलत. मानसं बोलतात." तिनं चहा मागवला. मी घेतला नाही. उठून हात धुवायलासुद्धा गेले नाही, बॅग नजरेआड झाली असती.

साहेब स्कूटरवरून आले. वर्षभरात आणखी वाळले होते. मला नमस्कार केला, आपाला सांगितलं, "हो, माझाच होता. मीच यांना दिला. कागद घरी आहे, हवा तर आणून दाखवतो."

"पासवर्ड काय टाकला होता?"

"कुठलाच नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते लॅपटॉपकडे पाहत होते. "मॅडम," ते म्हणाले, "मी घेऊन जातो घरी. उद्या आणून देतो तुमच्या बहिणीकडे."

"नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी साहेबांना पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि ते जरा मोठ्यानंच निघालं.

आपानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "असं करू. मी डिस्क काढते आन् ताईच्या हातात देते. फायली साऱ्या तिच्यात. मंग तं कोनी काई चोरत नाई?" तिनं मागचं झाकण उघडलं, स्क्रू चुंबकावर ओळीनं लावले, हाताच्या पंजाएवढी चपटी पेटी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती रुमालात गुंडाळून मांडीवर धरली. सात बागा माझ्या मांडीवर होत्या असं म्हणायला हरकत नाही.

"आता पाहा," आपा म्हणाली. डिस्कशिवायच तिनं बटण दाबलं. पडदा काळा, मग पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, की सुरू करायला काहीच सापडत नाही. तिनं बंद करून पुन्हा चालू केलं आणि एफ-टूवर बोट टकटकवत राहिली. आणि तो पडदा आला. निळा, साधा, इंग्रजी अक्षरांनी भरलेला. अमरावतीच्या दुकानदारानं इतकं दाबूनही जो आला नव्हता, तो.

"पासवर्ड मांगतला का यानं?"

"नाही."

"म्हंजे कुलूप नव्हतंच. कुलूप असतं तं दरवाज्यातच अडवलं असतं, डिस्क असो नसो." तिनं बाणाच्या कळांनी दोन-तीन पानं उलटली आणि एका ओळीवर नख ठेवलं. "हे पाहा. फास्ट बूट. चालू हाये. याले सांगून ठेवलं का उठल्याबरोबर पय, कोनाकडं पाहू नको. मंग तुमी एफ-टू दाबा नाई तं ढोल वाजवा, हा आयकत नाई. डिस्क काढली तवा पयाले जागाच नाई राह्यली. मंग थांबला आन् आयकलं."

"पण हे चालू कोणी केलं?" मी साहेबांकडे पाहिलं.

"मीच," साहेब म्हणाले. "तुम्हाला देताना. तुम्हीच म्हणाल्या होत्या, सुरू व्हायला फार वेळ घेतो, तोवर माझा चहा होतो. आठवतं का? कचेरीत, खिडकीपाशी, याच लॅपटॉपवर यादी भरताना."

आठवलं. अगदी शब्दही तेच होते. मी ते हसत म्हटलं होतं, आणि या माणसानं ते मनावर घेऊन, लॅपटॉप देण्याआधी माझ्यासाठी तो पळता करून ठेवला होता.

पण माझा स्वभाव इथे थांबणारा नव्हता. मी आपाला म्हटलं, "पुन्हा तसंच करून दाखवता का? बंद-चालू?" ती हसली. तिनं डिस्क मागून घेतली, बसवली, एफ-टू दाबलं, ठिपक्यांचं वर्तुळ. डिस्क काढली, निळा पडदा आणला, फास्ट बूट बंद केलं, डिस्क बसवली, एफ-टू दाबलं. निळा पडदा पहिल्या बोटाला आला. "झालं का समाधान?" मी मान हलवली.

मग तिनं पेन ड्राइव्ह लावला, यंत्राला तिथून सुरू व्हायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं पडद्यावर एक वेगळीच, अनोळखी मांडणी उघडली. माझी डिस्क त्यात दिसत होती. दोन कप्पे. एक माझा, ज्यात मी काम करायची. दुसरा मी कधी उघडलाच नव्हता. त्यात एकच फोल्डर होता. 'खाजगी.'

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "ते माझं राहून गेलं असेल."

आपाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हेच ते. जे दुसऱ्या कोणाला दाखवायचं नव्हतं. "उघडा," मी म्हटलं. साहेब परत खुर्चीत टेकले. नको असं ते म्हणाले नाहीत.

फोल्डर उघडला. एकाखाली एक नावं होती. राजीनामा. राजीनामा-नवीन. राजीनामा-गारपीट. राजीनामा-अंतिम. राजीनामा-अंतिम-दोन. राजीनामा-आता-नक्की. आणखी कितीतरी. आपानं एकही फाइल न उघडता खिडकी स्वतःच बंद केली आणि टेबलावरचं फडकं घेऊन पुसलेलीच जागा पुन्हा पुसायला लागली.

"पंचनामा करून घरी आलो की एक लिहायचो," साहेब म्हणाले. ते आमच्याकडे पाहत नव्हते. "लोक झाडाखाली पडलेली फळं ओंजळीत उचलून दाखवतात. नुकसान मोजायला मी कोण, असं वाटायचं. लिहून झालं की बरं वाटायचं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो. लॅपटॉप देताना पुसायचं राहिलं. तुमचा फोन आला तेव्हा एकदम आठवलं." थोडं थांबून म्हणाले, "कचेरीत कळलं असतं तर हसले असते."

मला लाज वाटली. तरी खरं सांगायचं तर त्या क्षणीही मनाचा एक कोपरा तपासत होता, की एवढे राजीनामे लिहिणारा माणूस खरा की नाटकी. माणसाला एकदा ती सवय लागली की लाजसुद्धा ती थांबवू शकत नाही.

"माझी यादी बघू," मी म्हटलं.

माझ्या कप्प्यात गळ यादीच्या दोन फायली होत्या. जिच्या नावात 'पूर्ण' होतं तिच्यात सातही बागा होत्या, काकूंचं नाव शेवटून दुसरं. फोटोही होते, काकू झाडापाशी, पदर सारखा करून. मी साहेबांसमोर पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. मी नाव दिलं होतं. वर कोणीतरी कापलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुसऱ्या फाइलीत काय आहे?"

दुसऱ्या फाइलीत सात बागा नव्हत्या.

"पाठवली कुठली?"

"ही. पूर्ण."

"एकदा मेल पाहून घ्या."

आपाच्या संगणकावर मी माझा मेल उघडला. पाठवलेल्या पत्राला फाइल जोडलेली होती. तिच्या नावात 'पूर्ण' नव्हतं. मी ती उघडली, शेवटपर्यंत खाली गेले, परत वर आले. सात बागा नव्हत्या. पहिल्या पाहणीच्या दिवशी नाल्याला पूर होता आणि आम्हाला पलीकडे जाता आलं नव्हतं. अलीकडच्या बागांची यादी मी त्या दिवशी करून ठेवली होती. चार दिवसांनी पाणी उतरल्यावर पलीकडे गेलो, त्या सात बागा घातल्या आणि नवीन नावानं फाइल ठेवली. आणि शेवटच्या तारखेच्या गडबडीत जुनी जोडून पाठवून दिली. कोणी काही कापलं नव्हतं, कोणी काही खाल्लं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं होतं.

मी साहेबांच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते. फोनवर, बसमध्ये, घरी, मी या माणसाला मनात काय काय ठरवलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. पण मी फोनवर ज्या सुरात 'का, साहेब?' विचारलं होतं, त्यावरून ओळखलं असणारच. ते एवढंच म्हणाले, "पुरवणी यादी देता येते. पंचनाम्यावर तिघांच्या सह्या आहेत, फोटो आहेत. पण पत्रात 'तांत्रिक अडचण' लिहू नका. त्या शब्दावर आता कोणीच विश्वास ठेवत नाही. माझ्या हातून चुकीची फाइल गेली, असं लिहा."

"नोटीस येईल."

"येईल. उत्तर द्या. मी सांगतो कसं द्यायचं."

आपानं माझ्या फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून दिल्या. मग साहेबांना विचारलं, "तुमचं ते पुसू का?" त्यांनी जरा विचार केला आणि खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला. "आधी यावर घ्या. मग पुसा." उठताना आपा मला म्हणाली, "ताई, चहा थंडा झाला. आता तं पिनार?" मी तो थंडच प्यायले.

पुरवणी यादी मी दुसऱ्याच दिवशी दिली. कारणे दाखवा नोटीस आली, मी खरं ते उत्तर दिलं, माझ्या सेवापुस्तकात एक ओळ पडली. यादीचं काम मात्र लांबलं. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना दर वेळी मी फोन करायची, आणि समोरचा माणूस मला विचारायचा, "मॅडम, या सातांतच तुम्हाला एवढा रस काहून?" तो काय विचारतोय हे मला नीट कळायचं. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

यादी मंजूर व्हायच्या आधीच मी गावात जाऊन काकूंना सगळं सांगितलं. दोन फायली, नाला, घाई, चुकीची फाइल. आपानं विंडोज नव्यानं टाकून दिलेला लॅपटॉप उघडून दाखवलासुद्धा. काकूंनी पडद्यावरचा स्वतःचा फोटो नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या साहेबानं शिकोलं का हे बोलाले?"

"नाही, काकू. माझीच चूक झाली."

"मानूस आपली चूक आपून कधी सांगते का? कोनाले तरी वाचवून राह्यली तू." 'तुमी'वरून त्या 'तू'वर आल्या होत्या, आणि त्यात माया होती की तुच्छता हे मला आजही सांगता येणार नाही. "आन् हे मशीनमंधलं मले नोको दाखवू. यात उद्या तू कायबी बदलशीन."

काही महिन्यांनी पुरवणी यादी भिंतीवर लागली. सातही नावं होती. काकूंच्या मते आरडाओरडा केला म्हणून लागली, आणि गावाचंही तेच मत होतं. मी ते खोडून काढायचा प्रयत्न दोनदा केला, मग सोडून दिला.

पुढच्या हंगामात पाहणीला गेले तेव्हा काकूंनी एक शंभर पानी वही पुढे केली. झाडं किती, फळं किती गळली, तारीख, सगळं मी माझ्या हातानं त्यात लिहावं आणि खाली सही करावी, असं म्हणाल्या. सरकारी कागदाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी झाडाच्या बुंध्याला टेकून लिहिलं आणि सही केली. त्यांनी वही उलटी धरून, सुलटी धरून पाहिली, सुनेला हाक मारून वाचून घेतली, आणि मगच बंद केली. त्यानंतर नाल्यापलीकडच्या सगळ्यांनीच वह्या आणल्या. मी प्रत्येकीत लिहून दिलं. लॅपटॉपमध्ये भरायला वेळ लागायचा, पण वहीत लिहिलेलं आणि यादीत घातलेलं मी ओळीनं जुळवून पाहायची, आणि पाठवण्याआधी फाइलीचं नाव मोठ्यानं वाचायची.